चांद्याचे बॅरिस्टर



मागच्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर गेलो होतो. दरवर्षी जातो. पुस्तकांच्या दुकानांजवळ नेहमीसारखी रेटारेटी होती. तिथे एका फलकावर परमपूज्य बाबासाहेबांच्या शेजारी आणखी एक फोटो होता. सातवी-आठवीतल्या एका पोराने त्याच्या बापाला विचारले, "बाबा, हे कोण?" बाप खाणीत काम करणारा असावा, अंगावर तसा शर्ट होता. त्याने फोटोकडे पाहिले, जरा अडखळला आणि म्हणाला, "असतील आपले कोणी नेते." मग ते दोघे पुढच्या दुकानाकडे सरकले.

ते होते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. ज्या मातीवर तो पोरगा उभा होता, तिथे बाबासाहेबांना आणण्याच्या कामात हा माणूस सर्वांत पुढे होता. बापाचा मला राग आला नाही. आला तो स्वतःचा. आपण सभांतून, लेखांतून किती नावे घेतो, पण घरातल्या माणसांना घरचेच माणूस ओळखू येत नाही अशी वेळ आणली ती आपणच. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितो आहे.

राजाभाऊंचे कागदोपत्री नाव भाऊराव देवाजी खोब्रागडे. जन्म २५ सप्टेंबर १९२५, चांदा येथे. वडील देवाजीबापू. घरची परिस्थिती चांगली होती, आणि हे सांगायला लाजण्याचे कारण नाही. आपल्या नेत्यांच्या चरित्रात गरिबी असलीच पाहिजे असा एक समज होऊन बसला आहे. घर खाऊनपिऊन सुखी असले म्हणजे जातीचा चटका बसत नाही असे थोडेच आहे? उलट ज्याला स्वस्थ बसून खाता आले असते, तो स्वस्थ बसला नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे काय, हे आजच्या मुलांना नकाशा दाखवूनच सांगावे लागेल. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला, त्याआधी हे सगळे एकच होते. वरोऱ्याच्या कापसाच्या काळ्या मातीपासून पार सिरोंच्यापर्यंत. पलीकडे प्राणहिता आणि गोदावरी, त्याही पलीकडे तेलुगू मुलूख. पूर्वेला इंद्रावती आणि बस्तरचे जंगल. मधे साग, बांबू, मोह, तेंदू. एका टोकाचा माणूस तेलुगूत बोलणार, दुसऱ्या टोकाचा माडिया, मधला झाडीबोलीत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की गावेच्या गावे तुटून पडत. भामरागडकडची अजूनही तुटतात. कोर्ट म्हणजे लांबची गोष्ट. जमीनदाराचा दिवाणजी, मालगुजाराचा कारभारी आणि जंगलखात्याचा नाकेदार, एवढेच काय ते सरकार. आपली माणसे हातमागावर जाडेभरडे कापड विणत, कुणी कोतवाली करीत, बाकीचे दुसऱ्याच्या बांधीत धान रोवत. १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी आणि जमीनदारी कायद्याने संपली. पण मालगुजाराची घरची शेती त्याच्याकडेच राहिली, आणि जंगल सरकारजमा झाले. त्याचे तलाव तेवढे आज 'मामा तलाव' म्हणून ओळखले जातात. माजी मालगुजारी तलाव, त्याचे लोकांनी केले 'मामा'. आमच्या भागातला हा विनोदच म्हणायचा, कारण त्या मामांनी भाच्यांना फारसे काही दिले नव्हते.

अशा मुलखातून एक तरुण नागपूरला शिकतो, तिथून लंडनला जाऊन बॅरिस्टर होतो आणि परत येतो. परत येतो, हे महत्त्वाचे. बॅरिस्टर झालेल्या माणसाला मुंबईचे हायकोर्ट होते, नागपूरही जवळ होते. ते चांद्याचे राहिले. 'बॅरिस्टर' ही पदवी लोकांच्या तोंडी नावाचाच भाग झाली. खेड्यातल्या म्हाताऱ्या 'बालिस्टर' म्हणत, आणि त्यांना तो शब्द म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी एवढे नक्की ठाऊक होते की साहेबाच्या पुढे उभा राहून साहेबाच्याच भाषेत बोलणारा एक माणूस आता आपला आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा झाली. बाबासाहेबांची प्रकृती त्या वेळी किती ढासळली होती हे सर्वांना माहीत आहे. आधाराशिवाय फार वेळ उभे राहणे जड जात होते. अशा स्थितीत आणखी एक मोठा प्रवास, आणखी एक सभा. तरीही १६ ऑक्टोबरला, मंगळवारी, ते चांद्याला आले आणि लाखोंच्या समुदायाला त्यांनी धम्माची दीक्षा दिली. तिथून अवघ्या ५१ दिवसांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मुंबई, पुणे, औरंगाबाद या मोठ्या शहरांच्या वाट्याला जे आले नाही, ते जंगलाच्या तोंडावरच्या चांद्याच्या वाट्याला आले. चांद्यात त्या दिवसाची तयारी करणाऱ्यांचे पुढारी होते राजाभाऊ. वय ३१ वर्षे पूर्ण होऊन तीन आठवडे झालेले.

तयारी म्हणजे काय असते ते लग्नघरात वावरलेल्या बायाबापड्यांना सांगायला नको. दोनशे माणसांचे जेवण, पाणी, निजायची सोय म्हटली तरी घरधन्याची झोप उडते. इथे लाखोंचा प्रश्न, टेलिफोन मोजके, रस्ते कच्चे, आणि बहुतेक माणसे अंगठेबहाद्दर. पत्रक छापून वाचणार कोण? गावोगावी निरोप गेला तो तोंडी.

माझी आत्या त्या सभेला होती. तेव्हा ती बारा वर्षांची. आज ऐंशी ओलांडली आहे, पण त्या प्रवासातली एकेक गोष्ट तिला आठवते. आजोबांनी बंडी जुंपली होती. म्हातारी माणसे बंडीत, बाकीचे पायी. "दोन रात्री जंगलात काढल्या, बापू," ती सांगते. "हलका धान कापाले आला होता, तो तसाच टाकून निघालो. मायनं पांढरं लुगडं कुठून तरी मागून आणलं होतं. ते नेसली नाही, डोक्यावर घेतलं. म्हणे, तिथं पोचल्यावर नेसीन, वाटंत मळंल." बाबासाहेब तिला दिसले का? "एवढुसे दिसले. पण आवाज आयकू आला." आणि बॅरिस्टरसाहेब? "ते नाही ठाऊक. लय लोकं धावपळ करत होते. त्यातलेच असतील."

त्यातलेच असतील! घरच्या कार्यात ज्याच्या डोक्यावर सगळा भार असतो तो मांडवात कुणाला दिसतच नाही.

एक गंमत इथे नोंदवून ठेवतो, कारण ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. दीक्षा झाली त्या दिवशी नागपूर आणि चांदा महाराष्ट्रात नव्हते. महाराष्ट्र राज्यच नव्हते. आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे चांद्याच्या दीक्षेनंतर सोळाव्या दिवशी, राज्यांची फेररचना झाली आणि आपण मुंबई राज्यात गेलो. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पंधरवड्यात धर्म बदलला, राज्य बदलले, आणि चार वर्षांत पुन्हा राज्याचे नाव बदलले. आत्याच्या आजोबांची झोपडी मात्र होती तिथेच होती. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात मराठी मुलखाची एकाहून अधिक राज्ये करण्याची सूचना केली होती. फार मोठ्या राज्यात दूरच्या टोकाचा दुबळा माणूस सापडेनासा होतो, ही चिंता त्यामागे होती. सिरोंच्याहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला ती पुस्तक न वाचताही समजते.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. अध्यक्ष एन. शिवराज. राजाभाऊ सरचिटणीसपदाच्या फळीत होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५८ मध्ये, ते राज्यसभेवर गेले. तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्या सभागृहात जायला किमान वय ३० लागते. निवडून गेले मुंबई राज्यातून, आणि मुदत संपेपर्यंत झाले महाराष्ट्राचे खासदार. पुढे १९६६ ते १९७२ आणि १९७८ ते १९८४. तीन मुदती, १८ वर्षे.

अमेरिकेच्या इतिहासात राजाभाऊंच्या जातकुळीची माणसे भेटतात. तिथे नवा मुलूख पूर्ण राज्य होण्याआधी 'टेरिटरी' म्हणून असे. अशा सरहद्दीच्या मुलखात वकील मंडळी लवकर पोचत, जमिनीचे कज्जे लढवत आणि त्यातूनच पुढारी होत. टेरिटरीचा प्रतिनिधी वॉशिंग्टनच्या सभागृहात बसे, भाषण करू शके, पण त्याला मत नसे. मात्र तिथला वकील बहुधा बाहेरून आलेला असे आणि तिथल्या आदिवासींच्या जमिनीचे कागद दुसऱ्याच्या नावे करून देण्यात त्याची भरभराट होई. आमचा बॅरिस्टर त्याच मुलखात जन्मलेला, आणि ज्यांच्याकडे कागदच नव्हता त्यांच्या बाजूने उभा राहिलेला. साम्य आहे ते इथपर्यंतच.

१९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह हा रिपब्लिकन पक्षाने केलेल्या कामांत मला सर्वांत मोठा वाटतो. पक्षातल्या काही शिकलेल्या मंडळींना दादासाहेब गायकवाडांचे धोतर आणि त्यांची खेड्यातली भाषा खटकत होती. जमिनीचा प्रश्न घेणे म्हणजे कम्युनिस्टांची वाट धरणे, असेही बोलले जाई. बॅरिस्टर खोब्रागडे त्या मंडळींत गेले नाहीत. लंडनचे शिक्षण असून ते धोतरवाल्या दादासाहेबांच्या बरोबर राहिले. १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद देण्यात आली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. कसेल त्याची जमीन, पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, स्वस्त धान्य, झोपडपट्ट्यांची सुधारणा, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र, आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती. लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया लेकरे कडेवर घेऊन गेल्या. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत 'आजी जेलात गेली होती' ही अभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते.

काय मिळाले? संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ ला उभा राहिला. मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. मागणीनंतर २६ वर्षांनी. जमीन कुठे मिळाली, कुठे मिळाली नाही.

सवलतींचा प्रश्न मात्र प्रत्येक घराच्या चुलीपर्यंत पोचलेला होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जात नसे. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्ध आले नाहीत. महाराष्ट्र सरकारने १९६० मध्ये राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांना ते लागू नव्हते. आता चंद्रपूर भागात कामगाराला बरी नोकरी म्हणजे कोणती? रेल्वे, भद्रावतीचा दारूगोळा कारखाना, आणि खाणी राष्ट्रीयीकृत झाल्यावर वेकोलि. सगळ्या केंद्राच्या! म्हणजे पोरगा दहावी होऊन दारात उभा, आणि बापापुढे प्रश्न की दाखल्यावर काय लिहायचे. 'बौद्ध' लिहिले तर आरक्षण गेले. जुनी जात लिहिली तर १६ ऑक्टोबरला दिलेला शब्द गेला. एकाच घरात थोरल्याच्या दाखल्यावर एक आणि धाकट्याच्या दाखल्यावर दुसरे, अशी उदाहरणे मी पाहिली आहेत. कुणी कुणाला नावे ठेवू नयेत. भूक लागलेल्या घराला प्रतिज्ञा पाळायला लावून सरकार स्वस्थ बसले होते, दोष त्याचा. हा अन्याय दूर झाला १९९० साली, म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षांनी. बॅरिस्टरसाहेब तो दिवस पाहायला नव्हते.

१९६९ साल आले. नोव्हेंबरात काँग्रेस फुटली. त्याच महिन्यात राज्यसभेच्या उपसभापती व्हायोलेट अल्वा यांनी राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत त्या वारल्या. १७ डिसेंबर १९६९ ला राजाभाऊ उपसभापती झाले. राज्यसभेचे ते तिसरे उपसभापती, आणि काँग्रेसबाहेरचे पहिले. चांद्याचा बौद्ध माणूस त्या खुर्चीवर बसला आणि देशातल्या राजे-महाराजांना, मंत्र्यांना 'आता बसा' म्हणू लागला! खुर्चीवरच्या माणसाला एरवी मत नसते, दोन्ही बाजू समसमान झाल्या तरच असते. ते उपसभापती असतानाच, ५ सप्टेंबर १९७० ला, संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे विधेयक राज्यसभेत पडले. बाजूने १४९, विरोधात ७५. दोन तृतीयांश होण्यासाठी १५० लागत होती. एका मताने राजेलोक वाचले. अर्थात वर्षभरच. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे गेलेच. एका मताची किंमत काय असते हे ज्यांना मतदानाच्या दिवशी सुट्टी म्हणून घरी झोपायचे असते त्यांनी ध्यानात घ्यावे. २ एप्रिल १९७२ पर्यंत राजाभाऊ त्या पदावर होते.

आता जे लिहितो ते लिहिताना हात जड होतो. १९७० च्या आसपास पक्ष पुन्हा फुटला. एक गट रा. सू. गवई यांचा, एक खोब्रागडे यांचा. काँग्रेसशी समझोता करावा की नाही, आणि कुणी करावा, यावरून. दोघेही विदर्भाचे. दोघेही बाबासाहेबांना मानणारे. एक दिल्लीत वरिष्ठ सभागृहाचे उपसभापती, तर दुसरे त्याच काळात मुंबईत विधान परिषदेचे उपसभापती. दोन खुर्च्या आपल्या घरात, आणि घर मात्र दोन चुलींचे. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गायकवाड गेले आणि समजूत घालणारा वडीलधारा राहिला नाही. १९७७ साली खोब्रागडे गटाने जनता पक्षाच्या बाजूने निवडणूक लढवली आणि गटाचे दोन खासदार लोकसभेत गेले, बुलढाण्यातून आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटमधून. काहींनी त्याला यश म्हटले. मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते की ज्या माणसाने ३१ व्या वर्षी लाखो माणसे एका मैदानात आणण्याचे काम पुढे होऊन केले, त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी आपलीच चार माणसे एका सतरंजीवर बसवता आली नाहीत. दोष एकट्या त्यांचा नव्हता. पण त्यांचा नव्हताच असेही मी म्हणणार नाही. मोठ्या माणसावर प्रेम करायचे म्हणजे त्याच्या चुकांवर चादर टाकायची असे नसते.

९ एप्रिल १९८४ ला ते गेले. वय ५८. बाबासाहेबांची जयंती पाच दिवसांवर होती.

आता त्या जमिनीकडे पुन्हा येतो, कारण ती गोष्ट अजून संपलेली नाही. गडचिरोलीकडे आमच्या आजोबांच्या गावी माझा एक चुलतभाऊ जंगलाच्या कडेची तीन एकर जमीन कसतो. आजोबांनी फोडलेली, सातबाऱ्यावर कधी न चढलेली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तर ती अतिक्रमणच झाली. २००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात आदिवासी बांधवाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असल्याचे दाखवावे लागते. आपल्यासारख्या 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणवणाऱ्यांना त्याच तारखेच्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथे राहून जंगलावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. म्हणजे १९३० चा पुरावा. १९३० साली आमच्या घरात अक्षर ओळखणारे कोणी नव्हते, मग कागद कुठला? भावाचा दावा पुरावा अपुरा म्हणून परत आला. तो घरी बसणार होता.

आत्याची नात, म्हणजे माझी भाची, वकील आहे. तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालून जाते. तिने कायद्याचे नियम काढून दाखवले. "मामा, इथे लिहिलेच आहे. कागदच पाहिजे असे नाही. दावा करणारा सोडून गावातल्या वयस्क माणसाचे लेखी निवेदन पुरावा म्हणून चालते. जुन्या घराची जोती, विहीर, बांध, मसणवटी, हेही चालते. एकाहून जास्त पुरावे जोडायचे, बस." वाचकांपैकी ज्यांचे दावे असे परत आले असतील त्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जावे आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

मग आम्ही आत्याला घेऊन गावी गेलो. ती काठी टेकत टेकत शेतापर्यंत आली. आपल्या आज्याने बांध कुठून घातला, मोहाचे झाड कुणाच्या वाट्याचे, विहीर कोणत्या दुष्काळात खणली, सगळे सांगत गेली आणि भाची लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने वाचून दाखवले. आत्या म्हणाली, "एक राहिलं. लिही की याच वावरातला धान टाकून आमी चांद्याले गेलो होतो."

भाची म्हणाली, "आजी, त्याचा दाव्याशी काय संबंध?"

"साल समजंल ना त्याईले," आत्या म्हणाली.

भाचीने ते लिहिले. खाली सही करायला पेन पुढे केला, तर आत्याने आधी विचारले, पूर्ण नाव लिहू की नुसते बापाचे.